माणूस लागणारं मशीन

हॉटेलवाला मिक्सर बघायला आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "यानं माणसं किती कमी होतील?" जळगावच्या बाजारात हॉटेलसामानाच्या दुकानात उभं राहून माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला झोपेतून उठवून विचारलं तरी देता येतं. मी सांगतो, गिऱ्हाईक ऐकता ऐकता मनातल्या मनात दोन माणसांना घरी पाठवतं, चहा पितं आणि भावावर येतं. यात वाईट काही नाही. मशीन त्यासाठीच असतं आणि माझं पोटही त्याच्यावरच चाललं आहे.

या प्रश्नाच्या बरोबर उलटा प्रश्न मला आजवर एकाच गिऱ्हाइकानं विचारला. पारोळ्याच्या सिंधूअक्कांनी. त्यांना मिक्सर विकायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, झालं आणि ती पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येऊन झोके घेऊन परतही गेली. अक्का मात्र अजून मशीनच बघत होत्या.

पारोळ्यात अक्कांचं मांडे करून द्यायचं काम. मांडे म्हणजे आपल्या खापरावरच्या पुरणपोळ्या. वस्त्रगाळ पिठाची कणीक इतकी तिंबायची, की पुरण भरून हातावर घेतली तर कोपरापर्यंत लोंबली पाहिजे आणि तुटता कामा नये. मग तशीच दोन्ही हातांवर फिरवत मोठी करायची आणि पालथ्या खापरावर टाकायची. लग्न असो, बारसं असो, धुळ्यापासून जळगावापर्यंत त्यांच्या ऑर्डरी. हाताखाली पाच-सहा बाया, आणि कणीक तिंबायला हमीदाआपा.

आपा मूळच्या रावेरकडच्या. तिकडे मुसलमानांच्या लग्नात रश्शाबरोबर मैद्याचे मोठमोठे मांडे लागतात, त्यामुळे कणीक तिंबणं त्या लहानपणापासून शिकलेल्या. अक्कांच्या मते पुरण, तूप, वेलदोडा हे सगळं मागून आलं. मांडा म्हणजे आपाचा खांदा. आणि नेमका तो उजवा खांदाच गेला होता. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे कणकेला जोर लावाल तर हात वर उचलणार नाही. आपांनी ते ऐकलं आणि भुसावळला रेल्वेतल्या मुलाकडे कायमचं जायची तयारी सुरू केली. अक्कांनी ते ऐकलं आणि पहिली एसटी धरून आमच्या दुकानात आल्या.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी जेवणाचा डबा घेऊन चुकीच्या दुकानात शिरल्यात. ठेंगणी, सडपातळ बाई, पदर कमरेला खोचलेला, हातात उभा स्टीलचा डबा. मी खुर्ची पुढे केली तर त्यांनी आधी तिच्या गादीत अंगठा रुतवून पाहिला आणि मग उभ्याच राहिल्या. अंगठा रुतवून बघणं ही त्यांची सवयच होती. पपई, पाव, रिक्षाची सीट, शेजारच्या दुकानातला गाद्यांचा ढीग, काही सुटायचं नाही. अंगठा वर घेतल्यावर खळगा भरून आला तर वस्तू चांगली.

"मांड्याची कणीक तिंबेल असं मशीन दाखवा," त्या म्हणाल्या. तेव्हा अजून शहरी मराठी चालू होतं.

मी वीस लिटरचं दाखवलं.

"लिटर दुधाचं असतं, भाऊ. कणकेचं सांगा."

मी समजावलं की वीस लिटर हे भांड्याचं माप, त्यात वीस किलो कणीक मळायची नसते. भांडं चौथाई भरलं की पुष्कळ, घट्ट कणीक जास्त घातली तर मोटर धापा टाकते आणि गिअर जातो.

"म्हणजे लिहिलंय वीस आणि मावतंय पाच," अक्का म्हणाल्या. "लग्नाच्या पत्रिकेसारखं झालं. आपण लिहायचं सहकुटुंब, आणि येतो एकटा नवरा."

मग त्यांनी माझं गाव विचारलं. अमळनेरकडचा आहे म्हटल्यावर त्या आमच्याकडच्या बोलीवर आल्या आणि शहरी मराठी जी गुंडाळून ठेवली ती पुन्हा काढली नाही. माझं नाव त्यांनी विचारलंच नाही, मिक्सरभाऊ असं बारसं करून टाकलं. आता पारोळ्यात मला त्याच नावानं ओळखतात.

"मिक्सरभाऊ, याले काय म्हनतस?"

"प्लॅनेटरी मिक्सर."

"म्हंजे?"

"प्लॅनेट म्हणजे ग्रह, अक्का. ग्रहासारखा फिरतो म्हणून."

हे वाक्य मी गिळायला हवं होतं. अक्कांनी मशीनकडे नव्या नजरेनं पाहिलं. "कोणता ग्रहनं शे हाई?"

मी घाईघाईनं पृथ्वी-सूर्य काढले. कणीक मळणारा लोखंडी आकडा स्वतःभोवती फिरतो आणि भांड्याच्या कडेकडेनंही फिरतो, असं हातवारे करून दाखवलं. अक्कांनी ऐकून घेतलं, डबा उचलला आणि पुढच्या वेळी बघू म्हणाल्या. पुढच्या वेळी आल्या तेव्हा पारोळ्याच्या गुरुजींना विचारून आल्या होत्या. गुरुजींना बिचाऱ्यांना काही कळलं नव्हतं. शनीचं असेल तर घरात आणू नका, बाकी चालेल, असं सांगून ते मोकळे झाले होते. मी शपथेवर सांगितलं की शनीचं नाही, तेव्हा अक्कांनी डबा उघडला. त्यात पारोळ्याचं पीठ होतं. दुकानातल्या पिठावर त्यांचा भरवसा नव्हता.

त्या वेळी हमीदाआपाही बरोबर होत्या. उंच, रुंद हाडापेराची बाई. उजवा हात ओढणीच्या झोळीत बांधलेला, आणि चेहऱ्यावर पोलीस ठाण्यात जबाब द्यायला आणल्यासारखा भाव. त्यांना मशीन मुळात नकोच होतं.

"मशीन आया तो मैं क्या करूँगी?" त्या मला म्हणाल्या. "मशीनकी माँ बनके सामने बैठूँगी? बैठके खाना मेरेसे नई होता, भाई. उससे भुसावल अच्छा."

"तू गप बस," अक्का म्हणाल्या. "भुसावळले तू दिनभर काय करशी? गाड्या मोजशी?"

इथे आमच्या शेठविषयी सांगायला हवं. शेठ शांत माणूस, गिऱ्हाइकावर कधी चिडायचे नाहीत. पण त्यांचा मनोभाव चहावरून कळायचा. खूश असले तर स्पेशल, कंटाळले तर कटिंग. फारच वैतागले तर "चहा येतोच आहे" म्हणायचे आणि तो कधीच यायचा नाही. अक्का या तिन्ही अवस्थांतून गेल्या, काही अवस्थांतून दोनदा.

त्या दिवशी अक्कांनी पीठ-पाणी भांड्यात घातलं आणि मी काही बोलायच्या आत वेगाचा खटका थेट वरच्या टोकाला नेला. भारी मशीन म्हणजे जोरात फिरणारं मशीन, असा त्यांचा ठाम समज. अर्धं पीठ उडून शेठच्या चष्म्यावर बसलं. उरलेली कणीक आकड्यावरून वर चढत चढत मशीनच्या मानेपर्यंत गेली आणि तिथे गुंडाळून बसली. अक्का तिला दटावत होत्या, "उतर खाले." शेवटी मीच मशीन बंद करून ती सोडवली. आपांनी डाव्या हातानं एक गोळा घेतला, ताणला, तो मधेच तुटला.

"मर गई ये," त्या म्हणाल्या. "गरम हो गई ना. हाथ लगाके देख."

खरंच कोमट झाली होती. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं, जोरात मळली की कणीक तापते आणि तिचा ताण जातो. मी दुसऱ्यांदा हळू वेगावर मळून दाखवली. या खेपेला गोळा आपांच्या मनगटापासून कोपरापर्यंत लोंबला. आपांनी तो पुन्हा ताणून पाहिला.

अक्कांनी रिक्षातून खापर, शेगडी आणि पुरणाचं पातेलं आणलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. कणीक भाजल्याशिवाय समजत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुकानाच्या ओट्यावर खापर चढलं. समोरचे भांडीवाले आले, शेजारचा बॅटरीवाला आला, एक ट्रॅफिक हवालदार चौकशीला म्हणून आला आणि मांडी घालून बसला. "बठ्ठासले वाढ," अक्का मला सांगत होत्या आणि मी, शर्टाची बाही दुमडून, भर बाजारात सगळ्यांना तूप वाढत होतो. शेठनी दोन मांडे खाल्ले आणि सगळ्यांना स्पेशल सांगितला. मला वाटलं, आज ऑर्डर झाली.

"कणीक बरी शे," अक्का हात पुसत म्हणाल्या. "पन हाई नको."

कारण सांगितलं नाही. खापर रिक्षात ठेवलं आणि दोघी एसटी स्टँडकडे गेल्या.

त्यानंतर अक्का येतच राहिल्या. दर वेळी दुसरं मशीन, दर वेळी दुसरा डबा. अक्कांची सून त्यांना मोबाइलवर मशीनचे व्हिडिओ दाखवायची, पण त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. "त्यामानी कणीक कोनी खाई पाही का?" एवढंच त्या विचारायच्या. मशीनच्या सांध्यात करंगळी घालून कुठे पीठ अडकेल ते बघायच्या. पट्टा किती ताणलाय, गिअरचं तेल कुठून भरायचं, बुडाला रबर का लावलंय, सगळं त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. शेवटी शेवटी तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला मी काही सांगायचं विसरलो तर मागून आवाज यायचा, "तेलनं सांग, मिक्सरभाऊ." मशीनचा एकही खटका असा राहिला नव्हता की जो त्यांनी दाबून पाहिला नाही.

वीज हा त्यांचा आणखी एक विषय.

"लाइट गयी तं?"

"मशीन थांबतं, अक्का."

"कणीकसगट?"

"हो."

"आपा तं थांबे नही कधी," अक्का म्हणाल्या आणि मशीनच्या नावावर एक काट मारल्यासारखी मान हलवली.

मग कंपनीनं एक नवं मॉडेल पाठवलं. पीठ घाला, पाणी घाला, बटन दाबा आणि तुमच्या कामाला जा. वेग आपोआप बदलणार, वेळ झाली की आपोआप बंद, वर घंटी. मी स्वतः अक्कांना फोन करून बोलावलं. असं मशीन बघून कुठलंही गिऱ्हाईक विरघळलं असतं. अक्कांची करंगळी घालून झाली, अंगठा रुतवायला कुठे जागा नव्हती म्हणून नुसता टेकवून झाला, आणि मग त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हंजे याले माणूस लागत नही?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. कंपनीनं छापलेलं वाक्यच होतं ते.

"मंग नको."

मी शेठकडे पाहिलं. शेठ म्हणाले, चहा येतोच आहे.

"अक्का, अहो, लोक जीव टाकतात अशा मशीनवर. तुम्हाला हवंय तरी कसं?" माझा आवाज थोडा चढला असेल. महिनोन्महिने मी त्यांच्या पिठात पांढरा होत होतो.

अक्का पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या. "माले आशी मशीन जोयजे, जिले माणूस लागी. पन माणूसना खांदा लागाव नही."

मी हातातलं माहितीपत्रक खाली ठेवलं.

"आपाले मी फुकट पगार दिसू तं ती लेवाव नही. उना-गया, वरवरनं कामबी ती करणार नही. ती म्हनस, कणीक मशीन तिंबी तं मी कसाले? तिनं म्हननं बरोबर शे. मंग जी मशीन आपाबिगर चालस, ती आनीसन मी काय करू? आपाले मीच गाडीमा बसाडी दिनं आसं व्हयी."

मिक्सर निवडायचा असा निकष कुठल्याही माहितीपत्रकात नाही. माझ्या डोक्यात पहिल्यांदा नीट प्रकाश पडला. मी त्यांना आजवर ताकद दाखवत होतो, आणि त्या बाई त्या मशीनमध्ये आपल्या मैत्रिणीला उभं राहायला जागा शोधत होत्या. त्या दिवसापासून मीही तीच शोधायला लागलो. शेठना यातलं काही सांगितलं नाही.

अक्कांचं एक तत्त्व होतं. "मशीन इकनारले इचारू नको. धोनारले इचार." त्याप्रमाणे आम्ही दोघं हिंडलो, मी विकणारा असूनही. शिरपूरच्या एका वसतिगृहात आम्ही मागच्या दारानं गेलो. तिथल्या भांडी धुणाऱ्या मावशींनी सांगितलं, मशीनच्या डोक्यातून तेलाचा थेंब गळतो, आम्ही खाली फडकं धरतो. भुसावळच्या एका मिठाईवाल्याकडे भांड्यावरच्या जाळीत कणीक अशी अडकायची, की ती काढायला दातकोरणी ठेवलेली. मालक पुढे बसून मशीनचं कौतुक करत होते आणि मागे मोरीजवळ अक्का खरं काय ते गोळा करत होत्या. मलाही त्यातून पुष्कळ कळलं. पुढे मी काही मॉडेलं विकायचीच सोडली.

धुळ्याला एका बेकरीत मात्र अक्का मागच्या दाराशीच थबकल्या. तिथे पावाच्या कणकेचं स्पायरल मशीन चालू होतं. यात आकडा एका जागी फिरतो आणि भांडं स्वतः गोल फिरत कणीक त्याच्यापुढे आणतं. कणीक तापत नाही. एक दाढीवाला कारागीर वरच्या जाळीतून मगानं थोडं थोडं पाणी सोडत होता. नजर कणकेवर, कान दुसरीकडेच. त्याच्या उजव्या हातात चहाचा ग्लास होता आणि पाणी तो डाव्या हातानं देत होता.

"हाऊ काय करस?" अक्कांनी मला विचारलं.

"पाणी देतोय. एकदम घातलं तर कणीक चिकट होते. ती मागेल तसं द्यावं लागतं."

"आनि हाऊ आठे नही ऱ्हायना तं?"

"तर बिघडते," कारागीरच म्हणाला. "यहाँसे हटनेका नाम नहीं, अम्मा. चाय बी इधरच पीता मैं."

अक्का त्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मिक्सरभाऊ, हाई." नंतर मोरीशी जाऊन धुणाऱ्यालाही विचारलं, पण ते आता रीत म्हणून. भांडं निघत नाही, वाकून धुवावं लागतं, असं तो म्हणाला. अक्का म्हणाल्या, वाकायला माझ्या बाया आहेत.

राजकोटहून मशीन मागवलं. दोनच वेग, घंटी नाही, आपोआप काही नाही. कंपनीनं ते मॉडेल बंद करायला घेतलं होतं, शेवटच्या काहींतलं एक आम्हाला मिळालं. बटनं वर, अगदी पुढे, म्हणजे डाव्या हाताच्या माणसालाही पुरतील अशी. जाळी हलकी. मी दुकानात ती एका हातानं दहादा उचलून पाहिली आणि मगच टेम्पोत चढवली.

पारोळ्याला मशीन बसवायला मीच गेलो. अक्कांनी कुंकू लावलं, नारळ पायरीवर फोडला. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "शिकाडनं ते फक्त आपाले शिकाड."

"सगळ्यांना दाखवतो की. अडीअडचणीला..."

"फक्त आपाले."

बाकीच्या बायांना त्यांनी अंगणात डाळ निवडायला पाठवलं. स्वतः भिंतीकडे तोंड करून गूळ किसत बसल्या. आपांनी "बिस्मिल्ला" म्हणून बटन दाबलं तेव्हाही त्यांनी मान वळवली नाही. मी आपांना जाळी कशी उचलायची, लाल बटन कुठलं, वेग कधी वाढवायचा ते दाखवलं. पाण्याचं मात्र मला काही दाखवावं लागलं नाही.

"पानी देनेका नई," आपाच मला सांगायला लागल्या. "पिलानेका. बच्चेको पिलाते वैसा." डाव्या हातात लोटा, नजर भांड्यात, आणि ओठ मिटलेले. कणीक गुळगुळीत होऊन भांड्याची कड सोडायला लागली तेव्हा त्यांनी मला न विचारता बटन दाबलं. गोळा काढून कोपरापर्यंत लोंबवला. मग पहिल्यांदा हसल्या.

"अक्का, तुम्ही पण एकदा बघून घ्या," मी म्हणालो.

"आमी अडाणी बाया," अक्का गूळ किसत म्हणाल्या. "आमले काय समजस त्यानं? आपाले इचारा. मशीन तिनं शे."

ज्या बाईनं माझ्या दुकानातल्या प्रत्येक मशीनचा प्रत्येक खटका दाबून पाहिला होता, जी मला गिअरच्या तेलाची आठवण करून द्यायची, ती हे म्हणत होती. मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो. मला अक्का त्या क्षणी फार आवडल्या. असं सरळ लिहिताना जरा संकोच वाटतो, पण आवडल्या.

आपा भुसावळला गेल्या नाहीत. मुलगा न्यायला आला होता म्हणे. आपांनी त्याला मशीन दाखवलं आणि विचारलं, इसको कौन पानी पिलाएगा, तेरी बीवी? तो मांडे खाऊन परत गेला.

याला आता काही वर्षं झाली. मध्यंतरी धुळ्याला एका गिऱ्हाइकाकडे जाताना मी पारोळ्याला उतरलो. सकाळची वेळ. खापरं तापलेली, पुरण तयार, बाया हात धुऊन बसलेल्या, आणि मशीन बंद. अक्का त्याच्यासमोर पाटावर बसून होत्या. ऑर्डर घ्यायला आलेला माणूस दारात घड्याळ बघत उभा होता.

"आपा मालेगावले नातीकडे गयथी," अक्का म्हणाल्या. "एसटी लेट शे."

पीठ भांड्यात होतं. पाण्याचा लोटा शेजारी भरून ठेवला होता. मी म्हणालो, "अक्का, मी चालू करू?"

"हात लावू नको. आपाले समजस ते."

आम्ही थांबलो. आपा आल्या त्या रागावतच. पिशवी टाकली, लोटा उचलला, बटन दाबलं आणि अक्कांना सुनावलं, "इतने साल हो गए, एक बटन नई सीखी तुम."

"नही जमत माले," अक्का खाली मान घालून म्हणाल्या.

कणीक झाली, दुसरी घातली, कामाला वेग आला. मी निघालो तेव्हा लोटा क्षणभर एका बाईच्या हाती देऊन आपा मांड्यांचा पुडा घेऊन दारापर्यंत आल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "भाई, उसको सब आता है."

मी पायरी उतरायचा थांबलो.

"मेरेको पहले हफ्तेमेंच मालूम हुआ. एक दिन मैं सबेरे जल्दी आई, तो अंदर मशीन चालू. खिड़कीमेंसे देखा. ये अकेली. दायाँ हाथ पदरमें खोंसके रखा था, और बाएँ हाथसे जाली उठाती, रखती, फिर उठाती. पानी बी बाएँ हाथसे. मेरा खांदा दुखेगा क्या, वो अपने अंगपे देख रही थी." आपांनी ओढणीनं तोंड पुसलं. "मैं बाहरच खड़ी रही. उसने सब पोंछके, बंद करके रखा, तब चप्पल बजाते अंदर गई."

"मग तुम्ही कधी सांगितलं नाही त्यांना?"

"काहेको? उसको इतना अच्छा लगता है, मेरेको नई मालूम करके."

आतून अक्कांचा आवाज आला. "आपा, हाई बंद कसं करानं? माले नही समजत ना."

"आई, आई. हाथ मत लगाना कोई," आपा ओरडल्या, पुडा माझ्या हातात कोंबला आणि लगबगीनं आत गेल्या.